नव्या क्लचची करकर: मारुती 800 च्या नोंदी, अंबाजोगाई

गाडी मारुती 800, 1998 चं मॉडेल, कार्बोरेटरवाली, चार गिअर. अण्णांनी घेतली होती, आता माझ्याकडं आहे. 2023 ला परत पासिंग करून आणली तेव्हाच ठरवलं, आणखी पाच वर्षं ही दारातून हलणार नाही. मी जळालेल्या पाण्याच्या मोटारी भरतो, म्हणजे त्यांचं वायंडिंग करतो, आणि अलीकडं सौर पंपही बसवतो. आकडे लिहून ठेवायची सवय त्या कामातली, ती इथं उपयोगी पडली. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, 30 डिसेंबरला. तोवर गाडी तयार पाहिजे, आईला गावाकडं शेतात न्यायचंय.

1 डिसेंबर 2024, रविवार. किमी 1,12,460

आज गिअरबॉक्स उतरवला. क्लच दोन महिन्यांपासून स्लिप मारत होता. बर्दापूरच्या पुढं जरा चढ लागला की तिसऱ्यात इंजिन ओरडायचं अन् गाडी आहे तिथंच. जुनी प्लेट हातात घेतली तर रिव्हेट अस्तराच्या बरोबरीला आलेले, आणखी महिनाभर चालवली असती तर फ्लायव्हील खरवडलं असतं. तरी फ्लायव्हीलवर निळे डाग होतेच. मिस्त्रींनी ते लेथवर नेऊन हलका हात मारून आणलं. मिस्त्रींना सगळं गाव मामू म्हणतं, मीही.

प्लेट, प्रेशर प्लेट, क्लच बेअरिंग असा पूर्ण सेट नवा. क्रँकचं ऑइल सील कोरडं होतं, तरी बदललं. एवढं उघडल्यावर शेजारचं सील जुनं ठेवणं मला पटत नाही. केबल मात्र वर्षापूर्वीचीच ठेवली, ती मऊ चालत होती.

प्लेट बसवताना मी शेजारी उभा होतो. स्प्रिंगांचा फुगलेला भाग प्रेशर प्लेटकडं, सपाट बाजू फ्लायव्हीलकडं. प्रेशर प्लेटचे बोल्ट मामूंनी समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. गिअरबॉक्स चढवताना त्याचा भार प्लेटवर लटकू दिला नाही. काम मनापासून केलं, हे लिहून ठेवतो.

संध्याकाळी सातला गाडी चालू केली. क्लच हलका. रिव्हर्स आवाज न करता पडला.

5 डिसेंबर, गुरुवार. किमी 1,12,530

सकाळी पहिला गिअर पडेना. जोर लावला तेव्हा बसला. रिव्हर्सला करकर आवाज. गाडी गरम झाल्यावर थोडं बरं, पण पूर्ण बरं नाही.

मामूंना फोन केला. "दादा, नवा माल हाय, थोडं चालू द्या, बसंल जागेवर."

प्लेट नवी असली की पहिले काही दिवस धक्के देते, हे मान्य. अस्तर फ्लायव्हीलशी जुळायला वेळ लागतो. पण धक्के देणं वेगळं आणि क्लच न सुटणं, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं न होणं, वेगळं. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी कडी, नाही. पेडल दाबल्यावर आतला शाफ्ट थांबला नाही तर दाते दात्यांवर घासणारच. म्हणजे ही करकर गिअरची नाही, क्लच अर्धवट सुटतोय.

आणखी एक: दोन दिवसांपासून सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटार, जड फिरतोय. थंडी वाढलीय, बॅटरीलाही तीन वर्षं होत आली. जानेवारीत बॅटरी बदलायची.

7 डिसेंबर, शनिवार

पेडलची केबल गिअरबॉक्सवरचा जो लिव्हर ओढून क्लच सोडवते, त्याच्या टोकाला मामूंनी केबलचा नट आवळून दिला. लगेच फरक पडला, रिव्हर्स गुपचूप पडला. पैसे घेतले नाहीत.

8 डिसेंबर, रविवार. किमी 1,12,575

आईला मुकुंदराजांच्या समाधीला घेऊन गेलो. उतरताना काही नाही. परत वर येताना दुसऱ्या गिअरला इंजिनाचा आवाज चढला अन् गाडी मात्र चढेना. करपल्याचा वास. आई म्हणाली, "जुनाच त्रास की रे हा." सात दिवसांचा नवा क्लच आणि जुनाच त्रास, पोटात गोळा आला.

बाजूला थांबलो. पेडलला हात लावून पाहिलं तर ढिला खेळ, म्हणजे क्लच दाबायला लागायच्या आधीची पेडलची मोकळी चाल, शून्य. कालचा नट इतका आवळला गेला होता की बेअरिंग सारखं प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाबून बसलेलं, म्हणजे मी पाय उचलला तरी क्लच थोडा दाबलेलाच. तिथंच नट चार आटे सोडला. स्लिप गेली. घरी येऊन रिव्हर्स टाकला, करकर परत.

आवळला तर धरत नाही, सोडला तर सुटत नाही. मधली जागाच उरली नाही. नट फिरवून हे सुटणार नाही एवढं आज कळलं.

10 डिसेंबर, मंगळवार. किमी 1,12,610

दुकान लवकर बंद केलं. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, मागच्या चाकांना दगड लावले. इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर. चाकं सावकाश फिरत राहिली. क्लच सुटत नाही याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा.

आता का सुटत नाही? गिअरबॉक्स परत उतरवायचं म्हटलं तर मामूंचा एक दिवस आणि माझा एक दिवस. म्हणून आधी वही घेऊन बसलो.

प्लेट उलटी बसली असती तर स्प्रिंगांचा फुगवटा फ्लायव्हीलच्या बोल्टवर घासला असता आणि क्लच पहिल्या मिनिटापासून सुटला नसता. 1 तारखेला रिव्हर्स आवाज न करता पडला होता. म्हणून ते बाद. बसवताना प्लेट वाकली असती तरी तेच, वाकलेली प्लेट पहिल्या दिवशी सरळ अन् पाचव्या दिवशी वाकडी होत नाही. शाफ्टच्या खाचांवर ग्रीस जास्त झालं असतं तर ते उडून अस्तरावर गेलं असतं आणि स्लिप आली असती, पण स्लिप फक्त नट आवळल्यावर आली. तेही बाद. पहिल्या संध्याकाळची ती एक ओळ लिहिली नसती तर मी आज गिअरबॉक्स उतरवायला निघालो असतो.

जे पहिल्या दिवशी ठीक होतं आणि नंतर बिघडलं, ते आतलं नसावं. बाहेर काय आहे? पेडल, केबल, लिव्हर.

भाच्याला पेडलवर बसवलं. मी खाली, लिव्हरच्या टोकाला स्टीलची पट्टी लावून. पेडल तळापर्यंत दाबलं की लिव्हर 16 मिमी सरकतो. मग केबल सोडवून लिव्हर हातानं, पाइप लावून ढकलला, तर तो 24 मिमीपर्यंत मोकळा जातो. आत अडथळा नाही. पाय जेवढं ढकलतोय तेवढं लिव्हरपर्यंत पोचत नाही. आठ मिमी केबलमध्ये मुरतायत.

केबलची आतली तार बाहेरच्या नळीतून ओढून पाहिली. मध्येच अडकते. वर्षाची केबल अशी होते का? होत असेल.

11 डिसेंबर, बुधवार

नवी केबल घातली. लिव्हर 24 मिमी. पेडलला दोन बोटं ढिला खेळ ठेवला. रिव्हर्स गप्प, पहिला गप्प. रात्री परळीला जाऊन आलो, वैजनाथाचं लांबूनच दर्शन घेतलं. गाडी लोण्यासारखी चालली.

सेल्फ अजून जडच.

16 डिसेंबर, सोमवार. किमी 1,12,745

करकर परत आली. पाच दिवसांत.

आज पेडल दाबल्यावर वर यायलाही आळस करतंय. पायाचा पंजा खाली घालून उचलावं लागलं. लिव्हर मोजला, 17 मिमी. नवी केबल पाच दिवसांत जुनीसारखी झाली.

दुकानात गिऱ्हाईकाची मोटार परत जळून आली की मी वायंडिंगला दोष देत नाही. बेअरिंग जाम आहे का, एक फेज गेलाय का, व्होल्टेज किती येतं, ते आधी बघतो. एकच वस्तू दोनदा मेली म्हणजे तिला मारणारा बाहेर आहे. केबलला कोण मारतंय? एक्झॉस्टला चिकटत नाही, वाटेत कुठं तीव्र वळण नाही. दोन्ही मी टॉर्च लावून पाहिलं.

सकाळी थंडीत चोक ओढून तीन-चार वेळा सेल्फ मारावा लागला होता. लगेच बॉनेट उघडलं होतं म्हणून केबलला हात लागला. गरम. इंजिन अजून गारच होतं, रेडिएटर गार, आणि केबल चहाच्या कपासारखी गरम. थोडा वेळ मी हात तसाच ठेवून उभा राहिलो. तार गरम होण्याची दोनच कारणं मला माहीत आहेत, आणि इथं बाहेरून तापवणारं काहीच नव्हतं.

17 डिसेंबर, मंगळवार

पहिली काढलेली केबल कोपऱ्यात पडली होती. व्हाइसमध्ये धरून हॅकसॉनं बाहेरची नळी उभी चिरली. आत पांढरं प्लास्टिकचं अस्तर असतं, ज्यावरून तार घसरते. पेडलच्या टोकाकडं ते अस्तर अजून पांढरं होतं. मध्यावर पिवळट. गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटजवळच्या शेवटच्या वितीत ते वितळून तारेच्या पिळांत शिरलेलं, करपलेल्या काकवीसारखं तपकिरी आणि घट्ट. तार नखानं खरडली तर खपली निघाली, खाली पोलाद निळसर. ब्रॅकेटमध्ये बसणाऱ्या टोपीवर एक काळा ठिपका, जिथं ठिणगी पडत राहिली असणार.

असा निळा रंग मी वेल्डिंगच्या कडेला बघतो. या केबलमधून करंट गेलाय.

18 डिसेंबर, बुधवार

सौर पंपाच्या कामाला घेतलेला डीसी चालणारा क्लॅम्प मीटर, तारेभोवती जबडा लावून करंट मोजणारा, दुकानात होताच. साधा टाँग टेस्टर इथं चालत नाही, तो फक्त एसी मोजतो.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, कॉइलची बारीक वायर काढून ठेवली म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. भाचा किल्लीवर. क्लॅम्पचा जबडा क्लचच्या केबलभोवती.

"मार."

62 अँपिअर. क्लचच्या केबलमधून.

ॲक्सिलरेटरच्या केबलभोवती लावला, 14. तीही हल्ली चिकट झाली होती, पाय उचलल्यावर इंजिन हळू उतरायचं. मी ते कार्बोरेटरच्या नावावर टाकलं होतं.

मग व्होल्टमीटर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, वायरीच्या पकडीवर नव्हे तर खांबावरच. दुसरं गिअरबॉक्सच्या घासून साफ केलेल्या धातूवर. सेल्फ मारताना 3.2 व्होल्ट. इथं अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं. बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी 0.2. बॉडी ते गिअरबॉक्स 3.0. म्हणजे बॅटरीपासून बॉडीपर्यंत वाट चांगली आहे आणि बॉडी, बॅटरी यांना इंजिनाशी जोडणारी जाड अर्थिंग वायर काम करत नाही.

सेल्फ इंजिनावर बसलेला. त्याचा सगळा करंट परत बॅटरीकडं जायला इंजिनातूनच वाट पाहिजे. जाड वायर तुटली की तो थांबत नाही, जो धातू बॉडीला टेकलेला सापडेल त्यातून जातो. क्लचची केबल एका टोकाला गिअरबॉक्सला आणि दुसऱ्या टोकाला पेडलमधून बॉडीला टेकलेली. पोलादाची बारीक तार, त्यातून 62 अँपिअर. ती तापणार, अस्तर वितळणार, तार अडकणार, लिव्हरची चाल कमी होणार, क्लच सुटणार नाही, रिव्हर्स करकरणार. सगळी साखळी एका दमात समोर आली.

आणि हे फक्त सकाळच्या सेल्फपुरतं नाही. कॉइलची वायर जोडली, इंजिन चालू केलं, हेडलाइट लावले, क्लॅम्प परत केबलवर: 11 अँपिअर. अल्टरनेटरही इंजिनावरच बसलेला, लाइटचा आणि चार्जिंगचा करंट त्याच्याकडं परत जातो तोही याच वाटेनं. परळीहून रात्री लाइट लावून आलो तो सगळा रस्ता केबल तापतच आली.

बॅटरीत दोष नव्हता, थंडीतही नव्हता. सेल्फच्या वाट्याचे तीन व्होल्ट परतीच्या वाटेतच जात होते.

19 डिसेंबर, गुरुवार. किमी 1,12,770

ही अर्थिंगची वायर मी 10 तारखेला टॉर्चनं पाहिली होती. होती, जागेवर होती, बोल्टही घट्ट होता. म्हणून पुढं गेलो होतो. आज बोल्ट काढून वायर बाहेर घेतली. लगच्या, म्हणजे बोल्टखाली बसणाऱ्या वायरीच्या टोकाच्या, तोंडाशी रबरी टोपी, ती मागं सरकवली तर आत तांब्याचा हिरवा चुरा. सव्वीस वर्षांची वायर. गिअरबॉक्स उतरवताना ती बाजूला वाकवावी लागते, त्यात बहुतेक तारा लगच्या तोंडाशी तुटल्या. ज्या दोन-चार उरल्या त्यांनी पहिले काही दिवस रेटले, मग इंजिनाच्या हादऱ्यानं त्याही गेल्या. 1 तारखेला सगळं ठीक आणि 5 ला बिघाड, त्याचं उत्तर या टोपीखाली होतं.

मामूंना बोलावून दाखवलं. त्यांनी लग हातात घेऊन बराच वेळ फिरवला. "बोल्ट तर म्याच आवळला हुता, दादा." खरं आहे, आणि नीटच आवळला होता. टोपीखालचं डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्या हातून चूक झाली असं मी म्हणणार नाही.

नवी वायर दुकानातच बनवली. 25 चौरस मिमी तांब्याची मऊ वायर, दोन्ही टोकांना कल्हईचे तांब्याचे लग, हायड्रॉलिक क्रिंपिंगनं दाबलेले, वर श्रिंक ट्यूब. लांबी जरा जास्त ठेवली, म्हणजे इंजिन हललं तरी ताण येणार नाही. गिअरबॉक्सवरची जागा आणि बॉडीवरची जागा वायर ब्रशनं चमकेपर्यंत घासली, आवळल्यावर वर पेट्रोलियम जेली. क्लचची केबल तिसरी, ॲक्सिलरेटरचीही नवी.

परत मोजलं. बॅटरी निगेटिव्ह ते गिअरबॉक्स, सेल्फ मारताना: 0.18 व्होल्ट. क्लचच्या केबलवर क्लॅम्पला नाव घेण्यासारखं काही नाही. लिव्हर 24 मिमी.

किल्ली फिरवली आणि सेल्फचा आवाज ऐकून आई ओट्यावरून म्हणाली, "नवी बॅटरी घातली का?"

22 डिसेंबर, रविवार. किमी 1,12,835

मुद्दाम मुकुंदराजांचा चढ. मध्यावर थांबून, हँडब्रेकवर, पहिल्यात उठवली. स्लिप नाही, वास नाही. उठताना हलका थरकाप आहे, तो प्लेट बसतानाचा असावा, दिवसेंदिवस कमी होतोय. इंजिनाच्या फाउंडेशनचे बोल्ट तपासले, एक अर्धा आटा सैल होता.

8 तारखेच्या चढाला अस्तर किती जळलं ही रुखरुख आहे. बघायला उघडणार नाही. धरतोय तोवर त्याला त्याचं काम करू द्यायचं.

28 डिसेंबर, शनिवार. किमी 1,12,905

दहा दिवस होत आले, लिव्हर अजून 24. ढिला खेळ तेवढाच. रोज सकाळी सेल्फ मारल्यावर लगेच केबलला हात लावून बघतोय. गार.

30 डिसेंबर, सोमवार. येळवस

पहाटे पाचला निघालो. रेणापूरच्या पुढं आमचं शेत. मागच्या सीटवर भज्जीचं पातेलं, उंड्यांची पाटी, आणि आईच्या मांडीवर अंबिलाचं मडकं. काल रात्री लावलेली अंबील, तोंडापर्यंत भरलेली, वर फडकं बांधलेलं. "हळू उठव गाडी," एवढंच तिनं सांगितलं.

अंबाजोगाईतून निघताना, मग बर्दापूरला एका ट्रॅक्टरमागं, मग रेणापूरच्या चौकात, प्रत्येक वेळी गाडी उठवताना मी आरशात मडक्याकडं बघत होतो. रस्ता सोडून शेतात शिरताना उसाच्या ट्रॉल्यांनी केलेली चाकोरी होती, तिथं हाफ क्लचवर दीडशे-दोनशे मीटर जावं लागलं. बांधाजवळ जागा कमी. रिव्हर्स टाकला, आवाज नाही. ज्वारीच्या ताटांत मागं घेऊन लावली.

आईनं मडकं ताईकडं दिलं. फडक्याच्या कडेला ओल होती, बोटाएवढी. कडब्याच्या खोपीत पूजा झाली, पाहुणे जेवले. उन्हं उतरल्यावर परत निघायच्या आधी बॉनेट उघडून लगचा बोल्ट पान्यानं एकदा दाबून बघितला. हलला नाही.

गिअर ऑइल एक हजार किमीला बघायचं: 1,13,460.